बॉबिनचं उतरलेलं वजन

मास्तरांची सकाळ कानांपासून सुरू व्हायची. कुत्र्याला बाहेर नेण्याआधी ते जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसत, त्याचा कान उलटा करून उजेडाकडे धरत आणि आतल्या गुलाबी कातडीवरून बोट फिरवत. मग दुसरा कान. मग मानेखालची घडी, काखा, चारही पंजे, बोटांच्या बेचक्यांसकट. शर्टाच्या खिशात बोथट टोकाचा चिमटा असे आणि स्पिरिटने अर्धी भरलेली खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली. गोचीड सापडला की चिमटा अगदी कातडीला टेकवायचा, पिळायचं नाही, सरळ वर ओढायचं आणि बाटलीत टाकायचं. तो पाय झाडत बुडाला की मास्तर म्हणत, "गैरहजर."

एकोणतीस वर्षं त्यांनी शाळेत मुलांना पळवलं होतं. निवृत्त झाल्यावर तीन महिने ते घरात राहिले, तेवढ्यात बायको मेटाकुटीला आली. "अहो, उद्या खुर्च्यांनाही उंचीप्रमाणे रांगेत उभं कराल. बाहेर पडा, कुणाला तरी पळवा," ती म्हणाली. ती गमतीत म्हणाली होती. मास्तरांनी मात्र ते मनावर घेतलं. आधी दातांच्या डॉक्टरांची पांढऱ्या कुत्र्यांची जोडगोळी आली, मग पाट्या रंगवणाऱ्या पेंटरचा उंचाडा काळ्या आला आणि शेवटी शिंपीणबाईंची बॉबिन.

मास्तरांच्या हाताखाली आलेला कुत्रा महिन्याभरात सरळ व्हायचा. पट्टा ओढायचा नाही, कचऱ्याच्या पेटीत तोंड घालायचं नाही, रस्ता ओलांडताना थांब म्हटलं की थांबायचं. पाण्याच्या उंच टाकीभोवती मातीची वाट होती, तिला तीन फेऱ्या. कुणी रेंगाळलं की चौथी. ढिलाईवर त्यांच्याकडे तो एकच इलाज होता, मुलांना आणि कुत्र्यांना सारखाच.

बॉबिन शिवणयंत्राच्या टेबलाखाली वाढली होती. शिंपीणबाई एकट्या राहायच्या. तिसऱ्या मजल्यावरची त्यांची पुढची खोली म्हणजेच दुकान. खिडकीशी यंत्र, भिंतीला टांगलेले अर्धवट कपडे, जमिनीवर चिंध्या आणि त्या चिंध्यांवर पसरलेली ही तपकिरी, गोल गरगरीत कुत्री. बाईंचा खुबा धरलेला, जिना उतरणं म्हणजे त्यांना शिक्षा. त्यामुळे बॉबिनचा व्यायाम म्हणजे टेबलापासून दारापर्यंत आणि परत, तेही कुणी माप द्यायला आलं तर. चहात बुडवलेल्या पावाच्या कडा दिवसभर टेबलाखाली जात. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी अडतीस किलोचा आकडा बघून कपाळाला हात लावला होता. हिला चालवा, नाहीतर हिचेही सांधे तुमच्या वाटेने जातील, असं त्यांनी बजावलं, तेव्हा शिंपीणबाईंनी मास्तरांना निरोप धाडला.

तीन महिन्यांत बॉबिन तेहतिसावर आली. दर रविवारी मास्तर तिला रद्दीवाल्याच्या काट्यावर उभी करत. रद्दीवाला वर्तमानपत्रांचा गठ्ठा बाजूला सारून म्हणायचा, "या बाई. रद्दीच्या भावात लावू की भंगाराच्या?" बॉबिन चारही पाय ताणून उभी राहायची, काट्याकडे न बघता, आणि मास्तर आकडा मोठ्याने वाचायचे. ते ऐकायला शेजारचा पंक्चरवालाही हातातलं काम टाकून यायचा.

गोचीड सापडले ते याच दिवसांत. डाव्या कानाच्या मुळाशी, जिथे केस दाट होते तिथे, एकदम चार. त्यातला एक रक्त पिऊन वाटाण्याएवढा टम्म झालेला. मास्तरांनी चौघांनाही गैरहजर केलं, जागा पुसून घेतली आणि बाईंना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या दिवसभर हात धुऊन कुत्रीच्या मागे लागल्या असत्या.

खरं तर त्या महिन्याचं औषध टाकायचं राहिलं होतं. मानेच्या मागे, दोन खांद्यांच्या मध्ये केस फाकवून कातडीवर एक छोटी ट्यूब रिकामी करायची, की महिनाभर गोचीड-पिसवांची कटकट नाही. दिवसभर सुईत दोरा ओवून बाईंचे डोळे थकलेले, केसांतली कातडी त्यांना दिसायची नाही. म्हणून ट्यूब त्यांनी मास्तरांकडेच दिली होती. मास्तरांनी ती घरी खणात ठेवली. जिवंत माणूस रोज हजेरी घेत असताना जनावराच्या पाठीवर विष कशाला ओतायचं, असं त्यांचं मत. कुणी विचारलं असतं तर त्यांनी ते ठासून सांगितलंही असतं. पण बाईंनी वेगळंच विचारलं. "मास्तर, औषध टाकलंत ना?" तेव्हा ते पट्टा सोडवत होते, काळ्या खाली भुंकत होता. ते म्हणाले, "झालं हो ते."

दोन आठवड्यांनी बॉबिन पहिल्यांदा बसली. तिसऱ्या फेरीला, टाकीच्या वळणावर. चालता चालता तिने मागचे पाय मोडले आणि बसली.

"ऊठ," मास्तर म्हणाले. ती बघत राहिली. त्यांनी पट्ट्याला हिसका दिला, ती उठली आणि उरलेली फेरी नीट चालली. म्हणजे येतंय, फक्त करायचं नाहीये, असं मास्तरांनी ओळखलं. असे नमुने त्यांनी शेकड्यांनी पाहिले होते. दुसऱ्या दिवशी ती दुसऱ्याच फेरीला बसली.

"काल तिने वाटी तशीच ठेवली," शिंपीणबाई दारात म्हणाल्या. तोंडातल्या टाचण्या काढून त्यांनी मनगटावरच्या गादीत खोचल्या. "उकडलेली कोंबडी होती हो. कोंबडीला ती कधी नाही म्हणत नाही."

"पोट लहान होतंय तिचं. तुम्ही हाताने भरवू नका हं."

"भरवला एक घास. तोही थुंकला."

"बघा, नखरे. भूक लागली की खाईल झक मारत. ताई, इतक्या दिवसांची मेहनत आहे, तुम्ही पाघळू नका."

बाई पाघळल्या नाहीत. मास्तरांचा शब्द त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसारखा पाळायच्या. संध्याकाळी वाटी उचलून ठेवायच्या आणि टेबलाखाली बघायच्या नाहीत.

त्या रविवारी काटा एकतिसावर थांबला.

"मास्तर, मागच्या खेपेला तेहतीस होती की!" रद्दीवाला म्हणाला. "रात्रीतून कुणी काढून नेली का दोन किलो?"

"याला शिस्त म्हणतात," मास्तर म्हणाले. त्यांनी आकडा दोनदा वाचला. पंक्चरवाल्याने टाळ्या वाजवल्या. बॉबिन काट्यावरून उतरली ती तिथेच रद्दीच्या गठ्ठ्यावर हनुवटी टेकून आडवी झाली, आणि सगळे हसले.

बुधवारी मास्तरांची लेक फिरायला बरोबर आली. ती दुसऱ्या गावी नोकरीला होती, चार दिवसांच्या रजेवर आली होती. जोडगोळी तिच्या हातात, काळ्या आणि बॉबिन मास्तरांच्या. बॉबिन पहिल्याच फेरीला, वळण यायच्या आधी बसली. मास्तरांनी पट्टा ओढला. ती उठली नाही, नुसती पट्ट्याबरोबर मातीत थोडी घसरली.

"बाबा, दमलीय ती."

"दमलेलं कोण आणि दमल्याचं सोंग कोण, हे मी एकोणतीस वर्षं ओळखत आलोय."

लेकीने जोडगोळीचे पट्टे एका हातात घेतले. मग म्हणाली, "माझंही ओळखलं होतं तुम्ही."

तिच्या आवाजात राग नव्हता. पंधराव्या वर्षी ती चारशे मीटर धावायची, तालुक्यात पहिली. गुडघा दुखतो म्हणून ती तीन आठवडे सांगत होती आणि मास्तर तीन आठवडे तिला शेवटची फेरी पूर्ण करायला लावत होते. पुढे शस्त्रक्रिया झाली. आजही जिना उतरताना ती एका हाताने कठडा धरून आडवी उतरते. घरात त्यावर कधी बोलणं झालं नव्हतं. बायकोने झाकण घट्ट लावून ठेवलं होतं.

मास्तर बॉबिनजवळ वाकले. तिचा ओठ वर करून बघायला हवं होतं. हिरडी गुलाबी असली की सगळं ठीक, हे डॉक्टरीणबाईंनी त्यांना एकदा करून दाखवलं होतं. दोन बोटांचं काम. पण लेक बघत होती. तिच्यासमोर ओठ वर करायचा म्हणजे तिचं म्हणणं आधीच अर्धं मान्य केल्यासारखं झालं असतं. मास्तरांनी बॉबिनच्या पोटाखाली हात घालून तिला उभी केली आणि म्हणाले, "चला."

त्यांनी फेरी पूर्ण केली. लेकीने जोडगोळी घेऊन घरचा रस्ता धरला.

शुक्रवारी सकाळी, अजून चपला पायात सरकवायच्या होत्या, तोच शिंपीणबाईंचा फोन आला. शब्द नीट कळत नव्हते. मास्तर तीन मजले चढून गेले तेव्हा बॉबिन टेबलाखाली एका कुशीवर पडली होती आणि तिच्या नाकातून रक्त येत होतं. जोराने नाही, थेंब थेंब. खाली कुणाच्या तरी लग्नाचा पांढरा कपडा होता. बाईंनी तो मुद्दाम तिच्या डोक्याखाली सरकवला होता की हाताला लागेल ते ओढलं होतं, कोण जाणे.

त्यांनी तिला चादरीत घेतली. मास्तरांनी उचललं आणि वजन हातांना कळलं. आता ती एकतीसही नव्हती.

खाली दारात रखवालदार धावत आला, त्याने गाडी थांबवली. कठड्याला धरून मागून उतरणाऱ्या शिंपीणबाई त्याला बघताच फुटल्या. "तूच मारलंस माझ्या पोरीला! ती उंदरांची गोळी! मंगळवारी सगळीकडे पेरून ठेवलीस ना?"

"बाई, मी नाही ठेवली, ते पेस्ट कंट्रोलवाले..." रखवालदाराचा चेहरा उतरला. "आणि सगळ्या डब्या बंद आहेत हो, कुलूप आहे त्यांना. कुत्र्याचं नाकसुद्धा जात नाही आत."

"मग काय आभाळातून पडलं विष? मी लेखी तक्रार देणार आहे. उद्या तू मला या दारात दिसता कामा नयेस!"

रखवालदाराने मास्तरांकडे बघितलं. शहाणा माणूस म्हणून बघितलं असणार. मास्तर दोन्ही हातांत चादर धरून गाडीत बसले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सगळ्यात आधी ओठ वर केला. हिरडी पांढरी होती. त्यांनी बॉबिनला उताणी करून पोटावरचे केस फाकवले, कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके होते, पुष्कळ.

"हे कधीपासून?"

"आजच," शिंपीणबाई म्हणाल्या. "उंदराचं औषध खाल्लंय तिने. आमच्याकडे मंगळवारी टाकलंय."

डॉक्टरीणबाई रक्त काढत होत्या. बोलताना त्यांनी मान वर केली नाही. "असू शकतं. त्या विषाने असंच रक्त जातं. पण गोचीडतापानेही जातं. आणि दोन्हींचं औषध वेगळं आहे. तपासणीचा निकाल उद्या दुपारी येईल, तोवर मला तुमच्या सांगण्यावर जायचंय, म्हणून नीट आठवा. विष असेल तर जनावर दोन दिवसांपूर्वीपर्यंत धडधाकट असतं. ताप असेल तर आठ-दहा दिवस आधीपासून काहीतरी दिसतं. खाणं कमी होतं, वजन उतरतं, चालता चालता बसतं."

"धडधाकट होती हो. रोज तीन फेऱ्या मारत होती. आणि गोचीड कुठून येणार? मास्तर रोज कान बघतात, महिन्याचं औषधही टाकलंय. हो ना, मास्तर?"

मास्तर पत्र्याच्या टेबलाच्या कडेला धरून उभे होते. दोन दिवस म्हणावं, असं त्यांच्या मनात आलं. जरा मलूल वाटत होती परवापासून, एवढं म्हटलं तर खोटंही नाही. आठवडा म्हटलं तर रविवारचा काटा त्यात येतो. गोचिडांचं न बोलताच भागलं तर बरं. इकडे बॉबिनचा डोळा त्यांच्या शर्टाच्या बटणावर होता, पण ती बघत होती असं वाटत नव्हतं. तिकडे एक माणूस दारात उभा राहून नोकरी जायची वाट बघत असेल.

"दहा दिवस," मास्तर म्हणाले.

"दहा दिवस काय?"

"बसत होती. पहिल्या दिवशी तिसऱ्या फेरीला बसली, मग दुसऱ्या. बुधवारी पहिल्याच. आठवड्यात दोन किलो उतरली."

डॉक्टरीणबाईंनी आता मान वर केली. "आणि तुम्ही तिला फिरवत होता?"

"ओढत होतो."

"गोचीड?"

"तीन आठवडे होऊन गेले. चार होते, कानाच्या मुळाशी. मी काढले." मग ते म्हणाले, "महिन्याचं औषध टाकलेलं नाही. ट्यूब माझ्या घरी आहे."

सुईची टोपी बंद झाल्याचा आवाज आला. डॉक्टरीणबाई मदतनीस मुलीला औषधाचं नाव सांगत आतल्या कपाटाकडे गेल्या. जाता जाता म्हणाल्या, "आठवड्यापूर्वी आणली असतीत तर गोळ्यांवर भागलं असतं. आता तापाचं इंजेक्शन लगेच सुरू करते, निकालाची वाट बघत नाही. विषाचंही थोडं देऊन ठेवते."

शिंपीणबाई बाकावर बसल्या. बाहीवर चिकटलेला एक पांढरा दोरा त्यांनी काढला, बोटाला गुंडाळला, पुन्हा उलगडला.

"मी विचारलं होतं तुम्हाला," त्या म्हणाल्या.

"हो."

"झालं म्हणालात."

"हो."

"खात नाही म्हणून सांगितलं होतं. वाटी उचलून ठेवायची मी. ती बघायची आणि मी उचलायची." मग एकदम वेगळ्याच, खरखरीत आवाजात त्या म्हणाल्या, "त्या रखवालदाराला फोन लावा. मी काय काय बोलले त्याला. मी नाही सांगणार, तुम्हीच सांगा."

मास्तरांनी तिथेच, त्यांच्यासमोर फोन लावला. विष नाही, गोचीड आहेत, आणि चूक माझी आहे, एवढं सांगायला त्यांना तीन वाक्यं लागली आणि तिन्ही मध्येच तुटली.

"बरं झालं बोललात, मास्तर," रखवालदार म्हणाला. "बायकोने सामान आवरायला घेतलं होतं. आता परत लावायला सांगतो तर मलाच शिव्या बसतील." मग म्हणाला, "बॉबिन कशी आहे?"

"माहीत नाही," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुणालाच फिरवायला नेलं नाही, पण दोन्ही घरी गेले आणि काय घडलं ते उंबऱ्यातच सांगितलं. दातांच्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि आम्ही दुसरं कुणी बघतो म्हणाले. जोडगोळी आतल्या दारावर नखं घासत होती. पेंटरने आतून काळ्याची ट्यूब आणली. "टाका माझ्यासमोर. मला बघू दे कसं टाकतात," तो म्हणाला. मास्तरांनी केस फाकवले, कातडी दिसेपर्यंत फाकवले. पेंटर जवळ वाकून बघत राहिला, पण उद्या या किंवा येऊ नका, यातलं काहीच म्हणाला नाही.

घरी लेक परत निघायच्या तयारीत होती. तिला सगळं आईकडून कळलं होतं. ती बॅग घेऊन उभी राहिली, मास्तर समोर. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. "बॅग दे, खाली आणतो," एवढंच ते म्हणाले. तिने बॅग दिली आणि कठडा धरून आडवी, एकेक पायरी उतरू लागली. मास्तर मागून आले. पुढे गेले नाहीत.

दुपारी निकाल आला. गोचीडताप. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषध वेळेत लागू होतंय की नाही हे चार दिवस तरी कळणार नाही. रक्त फारच कमी झालंय, मी आशा लावत नाही आणि सोडतही नाही.

मास्तर दवाखान्याच्या बाहेर पायरीवर बसून होते. आत यायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तासाभराने दार उघडून शिंपीणबाई बाहेर आल्या. त्यांच्या एका बाजूचे केस सुटलेले होते.

"मला जायला हवं," त्या मास्तरांकडे न बघता म्हणाल्या. "तो पांढरा कपडा परत शिवायचाय, उद्या द्यायचाय. तिला नळी लावलीय. जवळ कुणी नसलं की ती दातांनी ओढते." पुढचं वाक्य त्यांना जड जात होतं. "दुसरं कुणी नाहीये माझ्याकडे. तुम्ही बसा. नुसतं बसा, मास्तर. ऊठ म्हणू नका, खा म्हणू नका. काही म्हणू नका."

"बरं," मास्तर म्हणाले.

आतल्या खोलीत बॉबिन जमिनीवर दुमडलेल्या ब्लँकेटवर होती. खुर्ची होती, पण खुर्चीतून तिचा पंजा हाताला लागत नव्हता. मास्तर फरशीवर मांडी घालून बसले. नळी चिकटवलेला पंजा त्यांनी तळहातावर घेतला. तो गार होता. वर बाटलीतून एकेक थेंब सुटत होता. त्यांच्या तोंडून आकडे निघायला लागले, एक, दोन, तीन, आणि मग त्यांनी मोजणं थांबवलं.

एकदा बॉबिनने डोकं उचललं, नळीकडे नेलं. मास्तरांनी दुसरा हात मध्ये ठेवला. तिने तो हुंगला आणि डोकं परत खाली टाकलं, अर्धं ब्लँकेटवर, अर्धं त्यांच्या पायावर. मदतनीस मुलगी येऊन बाटली बघून गेली. बाहेर कुणाचं तरी मांजर ओरडत होतं. मास्तरांच्या पायाला मुंग्या आल्या, मग तो बधिर झाला, मग त्यांना तो आपला वाटेना. त्यांनी पाय हलवला नाही.